मतदारसंघांची फेरआंखणी आणि तिची किंमत



फळ्यावर रेघ ओढणें आणि ती पुसणें हा अडतीस वर्षें माझा धंदा होता. फळ्यावरच्या रेघेला खडूपलीकडे कांहीं लागत नाहीं, आणि ती वांकडी गेली तर फडक्याच्या एका फटकाऱ्यानें नाहींशी होते. आज ज्या रेघेविषयीं बोलण्यासाठीं मी आपणांपुढें आलों आहें, ती सरकारी नकाशावर ओढली जाते. ओढ्यानाल्यांवरून, वाडीवस्त्यांवरून ती पुढें सरकते, आणि तिच्या अलीकडचा माणूस एका प्रतिनिधीचा व पलीकडचा दुसऱ्याचा होऊन बसतो. ही रेघ जागची हलली म्हणजे खर्च काय येतो, आणि तो कोणाच्या पदरीं पडतो, एवढाच आजचा विषय आहे.

प्रारंभींच सांगितलेलें बरें कीं, मी कायदेपंडित नव्हे. मॅट्रिक झालों आणि प्राथमिक शाळेंत मास्तर म्हणून लागलों. जन्म शिरूर तालुक्यांतला; निम्मी नोकरी घोडनदीच्या बाजूस आणि निम्मी भीमा ओलांडून दौंड तालुक्यांत झाली. परंतु मास्तराला राज्यकारभार पुस्तकांत शोधावा लागत नाहीं. तो त्याच्या दारीं चालत येतो. १९८१ पासून २०११ पर्यंत चार शिरगणत्यांत मीं घरें मोजलीं. मतपेटीच्या काळापासून मतदानयंत्राच्या काळापर्यंत किती निवडणुकांत केंद्रावर बसलों, याची मोजदाद ठेवली नाहीं. मतदारयाद्या तर इतक्या वेळां दुरुस्त केल्या कीं, कांहीं वस्त्यांवरील दिवंगत माणसांचीं नांवें मला जिवंतांपेक्षां अधिक पाठ आहेत. तेवढ्या भांडवलावर हें भाषण आहे.

शिरूर आणि दौंड हे शेजारचे तालुके, मध्यें भीमा. न्हावऱ्याहून चौफुल्याकडे जाणारा रस्ता पारगांवाजवळ नदी ओलांडतो, आणि तालुका बदलला हें प्रवाशाला कळतही नाहीं. ऊंस तोच, भाकरी तीच, बोलण्याचा हेल तोच. सोयरिकी तर दोन्ही कांठांवर गुंतलेल्या. पूर्वीं भीमथडीचीं तट्टें नांवाजलेलीं होतीं. त्या तट्टांनीं कधीं या नदीला सरहद्द मानलें असेल असें वाटत नाहीं. पण निवडणुकीच्या नकाशांत या दोन शेजाऱ्यांच्या वांट्यास दोन निराळ्या तऱ्हा आल्या.

दौंडचें सोपें आहे. सबंध तालुका हा एक विधानसभा मतदारसंघ, आणि तो बारामती लोकसभा मतदारसंघाचा एक भाग. चौथींतला मुलगाही हें न अडखळतां सांगेल. शिरूरचें तसें नाहीं. न्यायमूर्ति कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगानें आंखलेले मतदारसंघ १९ फेब्रुवारी २००८ पासून अंमलांत आले, आणि २००९ च्या निवडणुका त्यांवर झाल्या. या आंखणीनें शिरूर तालुक्याचा टाकळी हाजी व पाबळ या बाजूचा भाग, म्हणजे चाळीसएक गांवें, आंबेगांव विधानसभा मतदारसंघाला जोडला. उरलेल्या तालुक्याला हवेली तालुक्याचा एक तुकडा लावून शिरूरचा मतदारसंघ पुरा करण्यांत आला. लोकसभेला खेड नांवाचा मतदारसंघ होता, तो गेला. आणि जुन्नर, आंबेगांव, खेड-आळंदी, शिरूर, भोसरी व हडपसर हे सहा विधानसभा मतदारसंघ एकत्र बांधून त्या गांठोड्यास शिरूर हें नांव मिळालें. एका टोकास शिवनेरी, दुसऱ्या टोकास हडपसरच्या वीस-वीस मजली इमारती, आणि मध्यें भोसरीचे कारखाने! २०२४ सालीं या एका मतदारसंघांत २५ लाखांहून अधिक मतदार होते. पुण्यांतील जे श्रोते हडपसरला राहतात त्यांच्यापैकीं पुष्कळांनीं शिरूर गांव अहिल्यानगरच्या वाटेवर मोटारीच्या कांचेंतूनच पाहिलें असेल. तरी दिल्लीच्या हिशेबांत ते शिरूरचेच.

वाघोलीकरांची तऱ्हा याहून मौजेची. वाघोली ३० जून २०२१ रोजीं इतर बावीस गांवांबरोबर पुणें महानगरपालिकेंत गेली. म्हणजे तेथील गृहस्थ कर भरतो पुणें महापालिकेस, जमिनीचे कागद पाहतो हवेली तालुक्यांत, आणि आमदार व खासदार निवडतो शिरूरचे. त्याच्या मुलानें शाळेंत "आमचा तालुका" या विषयावर निबंध लिहावयास घेतला, तर मास्तरानें त्याला गुण कसे द्यावे, हा प्रश्नच आहे.

पाबळकडे वळूं. मस्तानीची समाधि ज्या पाबळला आहे, तेथील शेतकऱ्याचें तहसील शिरूरला, पंचायत समिति शिरूरला. आमदार मात्र आंबेगांव मतदारसंघाचे. रस्त्याच्या कामासाठीं एक वाट धरावयाची आणि दाखल्यासाठीं दुसरी. यांत कोणा आमदाराविषयीं माझी तक्रार नाहीं. मेहनती प्रतिनिधि दोन्ही तालुक्यांच्या कचेऱ्या पालथ्या घालतो. परंतु माणसाला आपलें गाऱ्हाणें एका ठिकाणीं मांडण्याची संवय असते. बाजार ज्या गांवीं, कचेरी ज्या गांवीं, तेथेंच त्याचा शब्द ऐकणारा भेटला, तर त्याची एक फेरी आणि एक दिवसाचा रोजगार वांचतो. चाळीस गांवांच्या अशा फेऱ्या मोजण्याचें कोष्टक कोणीं केलेलें माझ्या पाहण्यांत नाहीं.

आतां खर्चाचा पहिला रकाना घेऊं. आयोगाचा पगार, नकाशे, छपाई, जाहीर बैठका, नव्या याद्या. हा खर्च कागदावर दिसतो, आणि एवढ्या मोठ्या देशाच्या मानानें तो फार नाहीं. पण त्याच्या आड एक न दिसणारा खर्च असतो. नव्या आंखणीच्या वेळीं मी ज्या गांवीं होतों त्याचें नांव सांगत नाहीं. तेथें मतदारयादीचे भाग नव्यानें पाडावयाचे होते. आम्ही चार शिक्षक सहा दिवस तें काम करीत होतों. प्रत्येकाच्या वर्गांत तीस मुलें धरलीं, तर मुलांचे ७२० दिवस त्या कामीं गेले. एका गांवचा हा आंकडा. सरकारी जमाखर्चांत त्याची नोंद नाहीं, कारण आमचा पगार एरवींही चालूच होता. मुलांना तर पगारच नसतो.

त्याच कामांत एका वस्तीवरचीं भावकीचीं घरें दोन भागांत गेलीं. मधला ओढा आम्हांला सीमा म्हणून सोयीचा वाटला होता. सासू एका मतदानकेंद्रावर, थोरली सून दुसऱ्यावर. यादी वाचून दाखविली तेव्हां त्या घरची म्हातारी माझ्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "मास्तर, आमची वाटणी झाली व्हय? मला कुणी सांगितलं न्हाई." मीं तिला पुष्कळ समजाविलें. तिनें मान हलविली, पण तिचें समाधान झालें असें मला वाटलें नाहीं. पुढच्या मतदानाला ती जुन्याच केंद्रावर गेली, तेथून परत पाठविली गेली, आणि उन्हांत दुसऱ्या केंद्रापर्यंत चालत जाण्यापेक्षां घरीं गेली. तें एक मत खर्चाच्या कोणत्या रकान्यांत लिहावें?

दुसरा खर्च ओळखीचा. प्रतिनिधि आणि मतदार यांचा संबंध कागदावर एका दिवसांत जुळतो. प्रत्यक्षांत त्याला दहा-पंधरा वर्षें लागतात. कोकणांतील राजापूर हें नांव घ्या. बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांच्यामागून प्रा. मधु दंडवते यांनीं त्या मतदारसंघाचें नांव साऱ्या देशांत नेलें. लोकसभेंत "राजापूर" म्हटलें कीं, एक प्रकारचें वक्तृत्व आणि एक प्रकारचा अभ्यास डोळ्यांपुढें येई. २००८ च्या आंखणींत तें नांव नकाशावरून गेलें, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग असा एक मतदारसंघ झाला. त्यांत अन्याय झाला असें मी म्हणत नाहीं. लोकसंख्येचें गणितच तसें होतें. पण नांव जातें तेव्हां मागच्या पिढीनें आपल्या प्रतिनिधीकडून काय मागितलें आणि काय मिळविलें याची आठवणही सैल होते. खेडकरांनाही हें ठाऊक आहे.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल कीं, हा म्हातारा मास्तर कोणताही बदल नको म्हणणारा दिसतो. तसें नाहीं. बदल न करण्याचाही खर्च असतो, आणि तो कांहीं वेळां अधिक भारी पडतो. इंग्लंडांत १८३२ च्या सुधारणेपूर्वीं ओल्ड सेरम नांवाची एक ओसाड टेकडी होती. तेथें हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मतदार, आणि ते पार्लमेंटांत दोन सभासद पाठवीत. त्याच वेळीं मँचेस्टरसारख्या गजबजलेल्या शहराला स्वतःचा एकही सभासद नव्हता. रेघ शेंकडों वर्षें न हलविल्याचें हें फळ. आपल्याकडे घटनेच्या ८२ व्या व १७० व्या कलमांनीं प्रत्येक शिरगणतीनंतर फेरआंखणी सांगितली आहे, आणि १९५२, १९६२ व १९७२ च्या कायद्यांप्रमाणें तशी ती झालीही. पुढें १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनें जागांची वांटणी १९७१ च्या शिरगणतीवर गोठविली. ज्या राज्यांनीं कुटुंबनियोजन नेटानें केलें त्यांच्या जागा कमी होऊं नयेत, हा त्यामागचा हेतु. हेतु चांगला होता. पण त्याबरोबर आंतल्या रेघाही तीस वर्षें जागच्या जागीं राहिल्या, आणि तेवढ्या काळांत पुण्याभोंवतालच्या माळरानांवर नगरें उभीं राहिलीं. १९७१ सालीं ज्या गांवीं आम्ही हुरडा खावयास जात असूं, तेथें आज लिफ्ट बंद पडली तर वर्तमानपत्रांत बातमी येते.

२००८ च्या आंखणीनें तो अनुशेष बराचसा भरून काढला. पुणें जिल्ह्याला विधानसभेच्या २१ जागा मिळाल्या. मात्र ही आंखणी २००१ च्या शिरगणतीवर झाली, आणि २०२४ च्या दोन्ही निवडणुका तिच्यावरच झाल्या. तेवीस वर्षांपूर्वींच्या मोजणीचा अंगरखा आजच्या वाघोलीस किंवा भोसरीस किती तंग होत असेल, हें तेथें राहणाऱ्यांना सांगावयास नको. डोंगराकडच्या जुन्नरच्या मतदाराचें मत आणि भोसरीच्या मतदाराचें मत यांचें वजन सारखें असावें ही अपेक्षा रास्त आहे. तेव्हां दहा वर्षांतून एकदां, मोजणी झाल्यावर, त्रयस्थ माणसांनीं आणि ठरलेल्या नियमांनीं रेघ हलवावी, याला माझी हरकत नाहीं. २००२ च्या कायद्यांत तो नियम चांगला घातला आहे. न्यायमूर्ति, निवडणूक आयोगाचे प्रतिनिधि व राज्याचे निवडणूक आयुक्त असे तिघे निर्णय करणार. खासदार व आमदार सोबतीस बसतील, बोलतील, पण त्यांना मत नाहीं. मतदारसंघ भौगोलिक दृष्ट्या सलग असावा, नद्या-डोंगर, कारभाराच्या हद्दी, दळणवळण व लोकांची सोय हीं पाहावीं, असेंही तेथें लिहिलें आहे. पाबळ-टाकळी हाजीच्या बाबतींत कारभाराच्या हद्दीपेक्षां लोकसंख्येची बेरीज वरचढ ठरली, एवढेंच. भागाकाराला बाकी उरतेच; ती कोणाच्या अंगावर टाकावयाची हा प्रश्न असतो, आणि या खेपेस ती शिरूरच्या अंगावर पडली.

माझा खरा आक्षेप दुसरीकडे आहे. लोकसभा-विधानसभांच्या रेघा तीस-तीस वर्षें हलत नाहींत, आणि जिल्हा परिषद-महापालिकांच्या रेघा मात्र बसल्या जागीं बसत नाहींत.

पुणें महापालिकेचेंच उदाहरण घ्या. श्रोत्यांपैकीं बहुतेकांनीं तें भोगलें आहे. २००२ सालीं एका प्रभागांत तीन नगरसेवक. २००७ सालीं एक. २०१२ सालीं दोन. २०१७ सालीं चार. २०१९ च्या अखेरीस विधिमंडळानें पुन्हां एकाचा नियम केला. २०२१ मध्यें तीन ठरले, आणि त्याप्रमाणें ५८ प्रभाग व १७३ नगरसेवक असा आराखडा सिद्ध झाला. २०२२ च्या ऑगस्टांत तो बाजूस ठेवून २०१७ ची चाल परत आणण्याचें ठरलें, आणि २०२५ मध्यें ४१ प्रभाग व १६५ नगरसेवक अशी रचना झाली. पाढे म्हणतांना मुलगा तीन, एक, दोन, चार, एक, तीन, चार असें म्हणूं लागला तर आम्ही त्याला पुन्हां आरंभापासून म्हणावयास लावतों. येथें प्रत्येक वेळीं कारण सांगितलें गेलें, आणि सांगणारे दर वेळीं निराळे होते. मीं कोणत्याच पक्षाचें नांव घेत नाहीं, कारण या पाढ्यांत सर्वांचा हातभार लागलेला आहे.

जिल्हा परिषदेचें तसेंच. २०१७ सालीं पुणें जिल्हा परिषदेचे ७५ गट होते. २०२२ च्या आरंभीं सदस्यसंख्येची किमान ५० व कमाल ७५ ही मर्यादा ५५ व ८५ करण्यांत आली, आणि पुण्यासाठीं ८२ गटांची आंखणी झाली. मार्चमध्यें विधिमंडळानें कायदा करून रचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून शासनाकडे घेतला. त्या उन्हाळ्यानंतर सरकार बदललें, आणि ऑगस्टांत जुनी मर्यादा परत आली. २०२५ च्या जुलैमध्यें नवीन प्रारूप निघालें तें ७३ गटांचें. एक गट म्हणजे दोन गण. एक गट हलला कीं शेजारच्या चार गटांचीं गांवें हलतात. तलाठी, ग्रामसेवक, तहसील कचेरीचे कारकून यांनीं हें काम २०२२ मध्यें एकदां केलें, तें फळ्यावरच्या रेघेसारखें पुसलें गेलें, आणि २०२५ मध्यें त्यांनीं तें पुन्हां केलें. फुरसुंगी व उरुळी देवाची या गांवांचें तर विचारूंच नका. २०१७ मध्यें तीं महापालिकेंत गेलीं, आणि २०२४ मध्यें तेथून निघून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली.

असे खेळ आपणच करतों असें नव्हे. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्सच्या गेरी नांवाच्या गव्हर्नरच्या कारकीर्दींत, १८१२ सालीं, इतका वांकडातिकडा मतदारसंघ पाडला गेला कीं, वर्तमानपत्रानें त्याचें सरड्यासारख्या प्राण्याच्या आकृतींत चित्र छापलें, आणि गेरीसाहेबांचें नांव त्या लबाडीला कायमचें चिकटलें. विलायतेंत अलीकडे २०११ सालीं पार्लमेंटच्या जागा ६५० वरून ६०० करण्याचा कायदा झाला. त्याप्रमाणें आंखणी सुरू झाली. २०१३ मध्यें ती थांबली. पुन्हां आंखणी झाली. २०१८ मध्यें अहवाल तयार झाले, ते फडताळांत राहिले. २०२० मध्यें संख्या परत ६५० ठरली, आणि त्या आंकड्यावर केलेली आंखणी अखेर जुलै २०२४ च्या निवडणुकीस वापरली गेली. दोन वेळचें काम वायां गेलें. पण तेथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. रेघेचा वाद चालू असतां जुन्या रेघांवर निवडणुका होत राहिल्या. २०१५, २०१७ आणि २०१९ या तिन्ही सालीं लोकांनीं मतें दिलीं. पार्लमेंट रिकामें राहिलें नाहीं.

आपल्याकडे तें रिकामें राहिलें, आणि हा खर्चाचा तिसरा रकाना होय. पुणें महापालिकेची व जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्यें संपली, आणि तेव्हांपासून तेथें प्रशासक आले. याचें एकटें कारण रेघ नव्हे, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांचा वाद न्यायालयांत होता, आणि तो प्रश्न लहान नव्हता. पण रेघेच्या वादानें त्यांत आपली भर घातली. सर्वोच्च न्यायालयानें ६ मे २०२५ रोजीं चार महिन्यांत निवडणुका उरका असें सांगितलें. पुढें ती मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढली. पुणें महापालिकेसाठीं १५ जानेवारी २०२६ रोजीं मतदान झालें. तीन वर्षें दहा महिने एवढा काळ या शहराचा कारभार लोकांनीं न निवडलेल्या माणसांनीं केला. घटनेच्या २४३ व्या कलमाच्या पोटांत मुदत संपण्यापूर्वीं निवडणूक पुरी करावी असें स्वच्छ लिहिलें आहे. शिवाय पंधराव्या वित्त आयोगाची अट अशी होती कीं, जेथें लोकनियुक्त मंडळ नाहीं तेथें आयोगाचें अनुदान नाहीं. म्हणजे दिल्लीहून येणारा पैसाही रेघेपाशीं येऊन अडला.

प्रशासक वाईट असतात असें मी म्हणत नाहीं. कित्येक कर्तबगार असतात, आणि त्यांच्या हातून कामें झटपटही होतात. पण एक गोष्ट सांगतों. या मधल्या काळांत एका खेड्यांतील शाळेच्या दोन खोल्यांचे पत्रे वादळानें उडाले. गांव माझ्या माहितीचें. शाळेंत माझा एक जुना विद्यार्थीच मास्तर आहे. पूर्वीं अशा वेळीं गांवकरी गटाच्या सदस्याच्या ओट्यावर जाऊन बसत. सदस्य कामाचा असो वा नुसता बोलका असो, त्याला घराबाहेर यावेंच लागे, चहा द्यावा लागे, आणि पुढच्या सभेंत विषय काढतों असें चारचौघांत म्हणावें लागे. या खेपेस ओटाच नव्हता. अर्ज कचेरींत गेला. साहेब सभ्य होते; त्यांनीं अर्ज घेतला, शेरा मारला. मग त्यांची बदली झाली. दुसरे आले, तेही सभ्य होते. त्यांनीं नवा अर्ज मागितला. मुलें दोन पावसाळे मारुतीच्या देवळांत बसलीं. देवळांत बसण्यांत एक सोय असते, घंटा वेगळी लागत नाहीं. पण सप्ताह बसला कीं शाळा उठते. शेवटीं गांवानें वर्गणी काढून पत्रे टाकले. निवडून आलेला सदस्य असता तर ते लवकर पडले असते, अशी खात्री मी देऊं शकत नाहीं. नसते पडले, तर पुढच्या निवडणुकींत त्याला पाडण्याची सोय होती, इतकें मात्र खरें.

प्रभागरचनेस दिलेलें आव्हान सर्वोच्च न्यायालयानें ऑगस्ट २०२५ मध्यें फेटाळलें, तेव्हां रचनेचा अधिकार कोणाचा हा वाद मिटला. मी अधिकाराविषयीं बोलत नाहीं, संवयीविषयीं बोलतों. मतदारसंघ एकाचा असावा कीं चौघांचा, गट ७५ असावेत कीं ८२, या प्रत्येक पक्षाला चांगलीं कारणें आहेत. एकसदस्य प्रभागांत जबाबदार कोण हें कळतें, बहुसदस्य प्रभागांत राखीव जागांची मांडणी सुलभ होते. यांपैकीं एक कोणता तरी नियम घ्यावा, आणि शिरगणतीपासून शिरगणतीपर्यंत त्यास हात लावूं नये. परीक्षेचा अभ्यासक्रम परीक्षेच्या आदल्या महिन्यांत बदलणाऱ्या हेडमास्तरास पालक काय म्हणतील? मग तो नवा अभ्यासक्रम कितीही उत्तम असो.

पुढच्या शिरगणतीची संदर्भ-तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. १९७६ मध्यें गोठविलेल्या आणि २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीनें आणखी पंचवीस वर्षें पुढें ढकललेल्या लोकसभेच्या जागांचा प्रश्न त्या मोजणीच्या पाठीशीं उभा आहे. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीनें लोकसभा व विधानसभांत स्त्रियांना तिसरा हिस्सा दिला, तोही शिरगणती आणि तिच्यामागून येणारी फेरआंखणी यांवर टांगून ठेवला. म्हणजे या वेळची रेघ केवळ पाबळ इकडे कीं तिकडे एवढ्यापुरती नाहीं. दक्षिण आणि उत्तर यांचा तोल, शहर आणि खेडें यांचा तोल, आणि निम्म्या मतदारांचा खोळंबलेला हक्क, हीं सर्व तिच्यावर अवलंबून होतीं. अशा रेघेवर खर्च झाला तर मला वाईट वाटणार नाहीं. वर्गांतलीं मुलें आणखी कांहीं दिवस बसून राहिलीं तरी मी तें सोसेन. फक्त शिरूरसारखा तालुका दुसऱ्यांदां मध्येंच चिरला जाऊं नये, आणि चिरावाच लागला तर कां, हें त्या गांवांत येऊन कोणीं तरी सांगावें, अशी माझी विनंति आहे. त्या म्हातारीला तेवढेंच हवें होतें.

गेल्या खेपेस, २०२५ च्या जुलैमध्यें, जिल्हा परिषदेच्या गटांचें प्रारूप प्रसिद्ध झालें तेव्हां हरकतींना आठवड्याभराची मुदत होती. मी भिंग घेऊन नकाशा पाहावयास गेलों. बरोबर नातू होता. त्याला शाळेस सुट्टी होती. आम्ही तेथें तासभर उभे होतों. तेवढ्या वेळांत आणखी तिघे आले, आणि तिघेही निवडणुकीस उभे राहण्याच्या तयारींतले. त्यांनीं आपापलीं गांवें बोटानें शोधलीं, फोनवर कोणाला तरी कळविलें, आणि ते निघून गेले. मला पाहून त्यांतल्या एकानें आदरानें विचारलें, "गुरुजी, यंदा तुम्हीही का?" मीं नाहीं म्हटलें. मग मी नकाशापाशीं इतका वेळ काय करीत होतों हें त्याला उमगेना; तसें त्यानें विचारलेंही नाहीं. नातवाला मीं भीमा दाखविली, आणि आपलें घर कोणत्या कांठास आहे तें शोधावयास सांगितलें. त्याला तें सांपडावयास बराच वेळ लागला.